मोघ्यांचे एकसष्ट फोटो

दिगंबर मोघे फाटकात उभे दिसले की आमच्या गल्लीतले लोक भरभर चालू लागत. मी तर चक्क फोन कानाला लावायचे आणि पलीकडे कुणी नसताना "हो, हो, निघालेच" म्हणत पुढे सटकायचे. हे नाटक मी नऊ वर्षं केलं. भोपाळच्या अयोध्या नगरातल्या त्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं, आणि तीही भिंतीला भिंत लावून. त्यामुळे माझ्या वाट्याला नाटकं जास्त आली.

मोघ्यांचं मागणं असं काय होतं? घरात या, बसा, फोटो बघा. एवढंच. "पेठेबाई, फोटो बघायचे राहिलेत तुमचे," असं ते फाटकातून म्हणत, जणू मीच कधीतरी अर्ज केला होता. मी म्हणायची, "या रविवारी नक्की." मग रविवारी दार लावून घ्यायची. मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, रिकाम्या तासाला सहकाऱ्यांचे लग्नाचे अल्बम पाहिले, मुंजीचे पाहिले, वैष्णोदेवीचे पाहिले. निवृत्तीनंतर दुसऱ्याचा एकही फोटो बघायचा नाही, अशी मी स्वतःशी शपथच घेतली होती.

मोघे मूळचे ग्वाल्हेरचे. इथल्या मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात छत्तीस वर्षं होते. माझे यजमानही त्याच कारखान्यात, पण वेगळ्या विभागात. ते गेले आणि मुलगी जुई बंगळुरूला गेली, तेव्हापासून मी एकटी. मोघ्यांची बायको कल्पना त्याहून आधी गेली. एकुलता मुलगा आशिष टोरांटोला. दोन एकटी माणसं शेजारी राहतात म्हणजे त्यांचं आपोआप जमतं असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. भिंतीपलीकडून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला ऐकू यायच्या, माझा टीव्ही त्यांना, आणि तेवढ्यावर आमचा शेजार चालला होता.

मग दोन वर्षांपूर्वी कार्तिकात मी पायरीवरून घसरले. पाय मुरगळला. मोघ्यांनी रिक्षा आणली, हाडाच्या डॉक्टरकडे तीन तास माझ्याबरोबर बसले, आणि त्या तीन तासांत फोटोंचा एक शब्द काढला नाही. मला ते फारच लागलं. माणसाने निदान उपकाराचा फायदा तरी घ्यावा. पाय बरा झाल्यावर पुढच्या रविवारी दहा वाजता मी आपणहून त्यांची बेल वाजवली आणि म्हटलं, "काढा तुमचे फोटो."

त्यांनी पोहे आधीच करून ठेवले होते. मला वाटतं, ते दर रविवारी दोघांपुरते करत असावेत.

फोटो सागवानी पेटीत होते, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, एकसष्ट. हकिकत अशी. मोघ्यांचे आजोबा महादेवराव ग्वाल्हेरच्या एका सरदारांकडे कारकून होते. सरदारांनी विकत घेतलेला कॅमेरा सरदारांना चालवता येईना, तो कारकुनाने शिकून घेतला. एकोणीसशे चार साली सरदार अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शन बघायला निघाले, तेव्हा केवळ या कलेपायी महादेवरावांची वर्णी लागली. माणसं गेली चार: सरदार, त्यांचे मेहुणे, महादेवराव, आणि सोवळ्यातलं हवं म्हणून घरचा आचारी. बरोबर पितळेची भांडी आणि दोन पोती गहू.

"ते परत आले, पण पुढे अठरा सालच्या साथीत गेले," मोघे म्हणाले. "आजीसुद्धा त्याच आठवड्यात. माझे वडील, अण्णा, तेव्हा पाच वर्षांचे. मामाकडे वाढले. त्यांना आईबापाचा चेहरा आठवत नव्हता. ही पेटी मिळाली, म्हणून मग हे तरी मिळाले."

हे म्हणजे भिंतीवरचे. समोरच्या भिंतीवर एका पगडीवाल्या माणसाचा मोठा करून घेतलेला फोटो होता: रुंद चेहरा, डाव्या भुवईत एक खाच, ओठांवर हसू येता येता थांबलेलं. गळ्यात ताजा हार. मोघे रोज अंघोळ झाली की त्या फोटोपुढे उभे राहून आदल्या दिवसाची हकिकत सांगत. भाजी काय केली, आशिषचा फोन आला की नाही. हे त्यांनीच मला सांगितलं, अजिबात न लाजता. "अण्णांपासूनची सवय आहे घरात. आणि दुसरं कोण आहे ऐकायला?"

आता पेटीबद्दलची खरी गोष्ट. प्रत्येक पुठ्ठ्याच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, मोघ्यांनी काळ्या शाईने एक चौकट आखली होती. कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असते तशीच. फोटोचा क्रमांक, ठिकाण, त्यात कोण आहे. खाली दोन घरं. एकात "काढणारा: म. ग. मोघे". दुसऱ्यात "तपासणारा:" आणि पुढे कोरं. एकसष्टच्या एकसष्ट ठिकाणी कोरं.

"हे कुणाच्या सहीसाठी?" मी विचारलं.

"जो तपासेल त्याच्या. काढणाऱ्याने स्वतः तपासायचं नसतं, आणि घरच्या कारकुनानेही नसतं. मी फक्त नोंद करणारा. दुसऱ्या माणसाने नीट बघून सही केली की मग ड्रॉइंग पक्कं. तोवर कच्चं."

"मग आशिषची घ्या की सही."

आशिष मागे आला होता तेव्हा त्याने पेटी एम. पी. नगरातल्या दुकानात नेली, सगळे फोटो स्कॅन करून आणले, फोनवर घेतले आणि म्हणाला, बाबा, आता पेटीची गरज नाही. "सही करून देतो म्हणत होता. सगळ्यांवर, एका दमात," मोघे म्हणाले. "मी नाही घेतली. बघितल्याशिवाय कसली सही?"

मोघ्यांना या जगात आता एवढंच हवं होतं, कुणीतरी ते एकसष्ट फोटो खरोखर बघावेत. मला ते त्या दिवशी कळलं आणि नऊ वर्षांच्या नाटकाची लाज वाटली. मी म्हटलं, मी तपासते. पेपर तपासण्यात माझा जन्म गेला आहे.

त्यांनी माझ्यापुढे एक भिंग ठेवलं आणि शेजारी टोक काढलेली लाल पेन्सिल.

पाच रविवार मी गेले, दर खेपेला डझनभर पुठ्ठे. आणि खरं सांगते, तिसऱ्या रविवारपासून मी शनिवारीच साडी काढून ठेवायला लागले. एडनचा धक्का, लंडनमधली घोडागाड्यांची गर्दी, न्यूयॉर्कच्या बंदरात डोळे बारीक करून उभे असलेले सरदार. मग प्रदर्शन: पांढरे महाल, त्यांच्यामधलं तळं, होड्या, आणि माणसांनी भरलेले डबे वर नेणारं एक राक्षसी चक्र. मोघ्यांना प्रत्येक फोटोतलं सारं पाठ होतं. कुठल्या बाईच्या छत्रीला भोक आहे, कुठल्या पोऱ्याने एकच मोजा घातला आहे. पण ते सांगत नसत. मी ते शोधेपर्यंत थांबत, आणि मला सापडलं की खूश होऊन पोहे वाढत.

"बघितलंत ना? जल्दी नाही काही. बघा."

अख्ख्या भोपाळात मला थांबायला सांगणारं त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. जुईसुद्धा फोनवर "आई, पटकन सांग" म्हणते.

चौथ्या रविवारी मला ते दिसलं.

अडतिसावा फोटो. प्रदर्शनातलं फुलांचं अवाढव्य घड्याळ, टेकडीच्या उतारावर केलेलं. त्याच्यासमोर तिघं उभे: मधे सरदार, डावीकडे मेहुणे, उजवीकडे खाचेच्या भुवईचा तो पगडीवाला. भिंतीवरचा मोठा फोटो यातूनच काढलेला. मागच्या चौकटीत मोघ्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: "सरदार, मेहुणे, आजोबा." मी भिंग खाली सरकवलं. तिघांच्या पायांपुढच्या वाळूवर एक सावली पडली होती. फोटो काढणाऱ्याची. खोक्यावर वाकलेला माणूस, डोक्यावर पगडी, दोन्ही कोपरं बाहेर.

मी गणिताची बाई. चारातून तीन गेले. कॅमेरा महादेवराव चालवत, त्यासाठीच तर त्यांना नेलं होतं. मग वाळूवरची सावली महादेवरावांची, आणि घड्याळापुढचा तिसरा माणूस उरला तो.

मी नववा पुठ्ठा पुन्हा काढला. जहाजाचा डेक, शेगडीपुढे उघड्या अंगाने बसलेला एक माणूस, हातात झारा. डाव्या भुवईत खाच. मागे लिहिलेलं: "आजोबा, हौसेने स्वयंपाक करताना." पहिल्या रविवारी ते वाचून मी हसले होते आणि पुढे गेले होते. आता हसू आलं नाही. हा आचारी होता. मोघ्यांच्या घरात दोन पिढ्या सरदारांच्या आचाऱ्याला हार घालत आल्या होत्या, आणि हा एकटा म्हातारा रोज सकाळी त्याला आपल्या भाजीची हकिकत सांगत होता.

आता माझा स्वभाव सांगते. मी भर सभेत मुख्याध्यापिकेची बेरीज चुकली म्हणून सांगितलेलं आहे. विहिणीला तिच्या पुरणपोळीबद्दल खरं ते सांगितलं आहे. जिभेवर आलेलं गिळायची मला सवय नाही. पण मी मान वर केली तर मोघे माझ्याकडेच बघत होते, पुढे वाकून, हातातली बशी तशीच धरून. त्यांच्यामागे भिंतीवर तो हार. यांच्याकडे आहे काय आणखी? मुलगा दूर, बायको गेलेली, एक चेहरा आहे तो मी काढून घेऊ?

"काही राहिलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आरामात बघा. काही वाटतं का?"

"नाही हो. सगळं बरोबर आहे."

पाचव्या रविवारी उरलेले पुठ्ठे झाले. मी पेन मागितलं आणि एकसष्ट ठिकाणी सही केली, मं. वि. पेठे. अडतिसाव्यावर करताना हात जरा थांबला, पण केली. मला मनातून फार बरं वाटत होतं. एका माणसासाठी आयुष्यात एकदा गप्प बसले होते.

मोघ्यांनी एकेक सही बघितली. अडतिसाव्याशी बराच वेळ थांबले. मग लाल पेन्सिल उचलून तिच्या डबीत ठेवली आणि म्हणाले, "बरं."

धन्यवाद नाही, काही नाही. पुढच्या रविवारी मी गेले तर अंगात कसर आहे म्हणाले. त्यापुढच्या रविवारी दार उघडलं नाही. आणि नंतर ते फाटकात उभे राहीनासे झाले. गल्लीतल्या लोकांना हायसं वाटलं. मला राग आला. पाच रविवार दिले, एकसष्ट सह्या दिल्या, काम झालं तसा माणूस ओळख विसरला. मी पुन्हा फोन कानाला लावून त्यांच्या घरावरून जायला लागले, या खेपेला त्यांनी बघावं म्हणून. ते बघत नसत.

वर्षभर असं चाललं. यंदा फाल्गुनात एका सकाळी त्यांच्या पायरीवर दुधाच्या पिशव्या दोन दिवसांच्या दिसल्या. कुकर वाजला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. झोपेतच गेले होते.

आशिष आला. दहाव्याला कारखान्यातली जुनी मंडळी जमली, वीस-बावीस. मोघ्यांच्या हाताखाली तयार झालेले मोहन श्रीवास्तव बोलायला उभे राहिले. साधा, गोल चेहऱ्याचा माणूस, डोळे पुसत हसत होता. "मोघे साहब के पास नया चेकर आता था ना," ते म्हणाले, "तो साहब ड्रॉइंग में एक गलती जान-बूझकर छोड़ते थे। सिर्फ़ एक। बंदा आके बोल दे कि साहब, ये ग़लत है, तो उसी दिन से उसको अपना मानते थे, घर ले जाते, भाभीजी के हाथ का खाना। और जो चुपचाप दस्तख़त कर दे, उसको कुछ नहीं कहते थे। बस, 'बरं' बोलते थे।"

लोक हसले. मी मांडीवरची पर्स घट्ट धरून बसून राहिले.

संध्याकाळी आशिषने मला घराची किल्ली दिली आणि म्हणाला, "काकू, बाबांच्या सामानातलं काय ठेवायचं ते तुम्हीच बघता का? मला खरंच कळत नाही." मी थेट पेटीकडे गेले. पुठ्ठ्यांच्या तळाशी एक पातळ वही होती. पहिल्या पानावर मोघ्यांचं अक्षर:

"भिंतीवरचे आजोबा नाहीत. मी तीस वर्षांचा असताना अडतीस नंबरमध्ये सावली दिसली. अण्णा रोज त्यांच्यापुढे उभे राहत, म्हणून अण्णा असेपर्यंत बोललो नाही. नंतर कल्पनाला दाखवायचं ठरवलं, तेवढ्यात तिचं आजारपण आलं. आता जो स्वतः बघून सांगेल त्याच्याशी बोलेन. चौकटीत चूक तशीच ठेवली आहे."

खाली तारखा. अमके पतिपत्नी, चार फोटो, चहा घेऊन गेले. चार इमली भागातल्या एक बाई, अकरा फोटो, साहेबांचा फोन आला. आशिष, सोळा फोटो, फोनवर होता. बावीस वर्षांत चौदा नावं. शेवटचं माझं.

"पेठेबाई. एकसष्ट. सगळे भिंग लावून पाहिले. चूक सांगितली नाही. वाटलं होतं, या सांगतील."

मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि रडले. नवरा गेला तेव्हा माणसं भोवती होती, नीट रडता आलं नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांना तोंडावर खरं सांगत फिरले, आणि ज्याला ते हवं होतं, त्याच्यावर मी दया केली. माझ्या समोर बशी धरून वाकून बसलेला तो माणूस डोळ्यांपुढून जाईना. काही राहिलं का, काही वाटतं का, असं त्याने दोनदा विचारलं होतं.

निघायच्या दिवशी आशिषने सगळं आवरलं. भिंतीवरचा मोठा फोटो त्याने हार काढून कापडात गुंडाळायला घेतला. "एवढे पणजोबा नेतो काकू. पेटी तुम्ही ठेवा."

या वेळी मी थांबले नाही. "ते तुझे पणजोबा नाहीत."

मी त्याला अडतिसावा दाखवला. भिंग दिलं. चार माणसं निघाली, तीन इथे उभी आहेत, असं म्हणून गप्प बसले आणि त्याला सापडेपर्यंत थांबले. त्याचा फोन वाजला, त्याने तो उलटा करून ठेवला. मग त्याचं बोट हळूहळू वाळूवर आलं.

"हे," तो म्हणाला. "हे पणजोबा."

"हो. त्यांचा दुसरा फोटो नाही."

"बाबांना माहीत होतं?"

मी वही त्याच्या हातात दिली. त्याने स्वतःच्या नावाची ओळ वाचली, माझ्याही नावाची वाचली, आणि वही मिटली. मग त्याने गुंडाळलेला फोटो पुन्हा उलगडला. मला वाटलं, आता ठेवून जाणार.

"नाव काय होतं यांचं, आचाऱ्यांचं?"

"कुठे लिहिलेलं नाही."

"बाबा यांच्याशी बोलायचे," तो म्हणाला. "हे नेतोच मी." बाहेर टॅक्सी येऊन उभी होती.

पेटी आता माझ्याकडे आहे. टॅक्सी गेल्यावर मी ती माझ्या टेबलावर उघडली, तिच्यातल्या डबीतून लाल पेन्सिल काढली. पाच रविवार ती माझ्यापुढे टोक काढून ठेवलेली होती, आणि कशासाठी ते मी विचारलं नव्हतं. नवव्या पुठ्ठ्यावर "आजोबा" खोडून "आचारी" लिहिलं. अडतिसाव्यावरही तेच. शेजारी लिहिलं, "आजोबा: खाली वाळूवर, सावली." माझी जुनी सही खोडली, तिच्याखाली पुन्हा केली आणि तारीख घातली.

मग सवयीने मी पुठ्ठा हातात घेऊन उठले आणि दारापर्यंत गेले, शेजारी दाखवायला.